ओरूच्या दारातला पांढरा पाहुणा

केरबा कुंभाराच्या नातीचं, पारूचं, लग्न ज्या वर्षी मांडवातच मोडलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच मांडवात त्याच नवऱ्याशी लागलं, ते साल दोन हजार त्रेचाळीस. हेळेवाडीत अजूनही त्या लग्नाचा विषय निघाला की माणसं हसून घेतात. भांडण मानपानाचं होतं. नवऱ्याच्या आत्याला आहेराचं लुगडं पोहोचलं नाही, म्हणून सगळं वऱ्हाड उठून गाड्यांत जाऊन बसलं. तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा केरबा काठी टेकत पहिल्या गाडीपाशी गेला, काचेवर टकटक केली आणि म्हणाला, ‘‘आत्याबाई, चुकलं ते लुगडं चुकलं, पोरगी न्हाई चुकली. लुगडं उद्या आणता येतंय. दुसरी पारू घडवायची म्हटली तर माझं चाक आता फिरत न्हाई.’’

आत्याबाईंना हसू आलं, आणि एकदा हसू आलं की रुसवा टिकत नाही.

त्या लग्नाला पारूची एक मैत्रीण आली होती. अन्वया दाते, पुण्याची. सगळी हसली तेव्हा ही मात्र केरबाच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. म्हाताऱ्याच्या बोलण्यात एकही शब्द पुस्तकातून आलेला नव्हता. तीन आठवड्यांनी ती पुन्हा हेळेवाडीला आली, ती एक लाकडी पेटी घेऊन.

अन्वया ‘बोलघर’ नावाच्या कंपनीत होती. परदेशातले व्हिडिओ गेम मराठीत बोलते करायचे, हा तिचा धंदा. केरबाच्या सोप्यात चटईवर बसून तिने सगळं सांगितलं. केरबाची बायको हौसा चहाची कपबशी तिच्या पुढ्यात ठेवून दाराला टेकून ऐकत राहिली.

गोष्ट अशी होती. कित्येक वर्षं यंत्राला भाषा शिकवायची म्हणजे जगात जेवढं लिहिलेलं सापडेल तेवढं त्याला वाचायला घालायचं, अशी रीत होती. पण मराठीत तसं लिहिलेलं मुळात कमी, आणि जे होतं त्यातलंही पुढे पुढे यंत्रांनीच लिहिलेलं. यंत्र यंत्राचं उष्टं खाऊ लागलं. बोलणं शुद्ध, पण चव गेलेलं. पुन्हा पुन्हा उकळलेल्या चहासारखं. मग कुणीतरी साधी गोष्ट ध्यानात घेतली. तान्हं मूल पुस्तक वाचत नाही. एका आईचं तोंड बघत बघत दोन-तीन वर्षांत बोलायला लागतं. तसंच यंत्र का वाढवू नये? असं यंत्र त्यांनी केलं. त्याला कान दिले, डोळे दिले आणि एक खोड दिली: समोरचं माणूस आता पुढे काय बोलेल, याचा सतत अंदाज बांधायचा. अंदाज चुकला की आतल्या आत किंचित वळायचं. चाळीस दिवस एकाच माणसाच्या सहवासात असं वळत वळत त्याला स्वभाव येतो. मग ते वळण पक्कं होतं. पुढे लाखो लोक त्याच्याशी बोलले तरी ते मोडत नाही.

‘‘म्हंजे भट्टी लागायच्या आत जे हुईल ते,’’ केरबा म्हणाला.

‘‘अगदी तसंच, आजोबा. आणि थापटणारा हात एकाचाच लागतो. त्या माणसाला आम्ही दाई म्हणतो.’’

‘‘दाई!’’ हौसा फिसकन हसली. ‘‘सत्तर वर्सं झाली आन् आता ह्यांस्नी बाळतपणं करायची हायत.’’

दाई अशी हवी होती की जिचं बोलणं अक्षरांच्या आधी घडलं. केरबा अक्षरं शिकला तो बावन्नाव्या वर्षी, गावातल्या प्रौढांच्या वर्गात, मागच्या बाकावर, हौसाच्या शेजारी. तोवर त्याचं बोलणं भाजून निघालं होतं.

मग अन्वयाने पेटी उघडली. आत एक काचेची पणती होती, ओंजळीत मावेल एवढी. तिने ती उंबऱ्याजवळ ठेवली. पणतीत निळसर उजेड झाला आणि त्या उजेडात वीतभर उंचीचं कुणीतरी उभं राहिलं. डोक्यापासून पायापर्यंत पांघरूण, हातात कंदील, आणि पांघरुणातून दिसणारे दोन डोळे.

‘‘हे ओरू,’’ अन्वया म्हणाली.

ओरू उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या खेळातलं. गोठलेल्या तळ्याकाठी राहायचं आणि खेळणाऱ्यांना कंदील दाखवत बर्फावरून पलीकडे न्यायचं, एवढंच त्याचं काम. पण त्याच्यावर जीव जडलेली माणसं लाखांनी होती. ज्या देशात ते जन्मलं तिथल्या भाषेत बाईमाणूस आणि बाप्यामाणूस असा फरक बोलण्यात करावाच लागत नाही. ओरू मुलगा की मुलगी हे खेळ करणाऱ्यांनी ठरवलंच नव्हतं. विचारलं तर म्हणाले, आम्हालाही माहीत नाही. बाकीच्या भाषांना मात्र ठरवावं लागलं. एका देशात ओरू तरणा गडी झाला. दुसरीकडे अबोल पोरगी झाली. एका ठिकाणी तर मुलगा म्हणणारे आणि मुलगी म्हणणारे एकमेकांच्या लग्नाला जाईनासे झाले.

आणि कुठल्याही भाषेत खेळलं तरी चाळीसाव्या दिवशी एक पांढरा पाहुणा दारात यायचा. विचारायचा, आत कोण आहे? ओरू आपलं नाव सांगून त्याच्याबरोबर निघून जायचं, ते कायमचंच. मग बर्फ वितळायचा आणि खेळ पुढे सरकायचा.

‘‘मराठीतबी जाणार?’’ केरबाने विचारलं.

‘‘गोष्टच तशी आहे, आजोबा.’’ अन्वयाने एक छापील कागद पुढे केला. ‘‘आणि चाळीस दिवस झाले की एवढं एक घर भरायचं. स्त्री की पुरुष. तुमच्या बोलण्यात जे येईल तेच आम्ही लिहू.’’

केरबाने कागद हातात घेतला. त्या एका घराकडे तो बराच वेळ बघत बसला. मग कागद घडी करून त्याने गाडग्याखाली ठेवला.

पावसाचे दिवस होते. भिजल्या हवेत मडकी वाळत नाहीत, म्हणून केरबाच्या पोराचं विजेवरचं चाकही बसून होतं. केरबा सकाळी तोंड धुऊन पणतीपुढे बसायचा. अन्वया गावातच खोली घेऊन राहिली होती, ती कोपऱ्यात कानाला यंत्र लावून असायची. पहिले दोन दिवस ओरू नुसतं बघत राहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणालं, ‘‘माती.’’ पाचव्या दिवशी म्हणालं, ‘‘आज्जा, माती वली हाय.’’ पंधराव्या दिवशी ते हौसाला म्हणालं, ‘‘आजे, चा कडू झालाय म्हणं,’’ आणि हौसाने केरबाकडे असं बघितलं की तो महिनाभर चहाबद्दल अवाक्षर बोलला नाही.

केरबा त्याला काय नाही सांगायचा! नदीकाठची कुठली माती चिवट, कुठली भुसभुशीत. मडकं भाजलं की नाही हे बोटाने वाजवून कसं कळतं. कावळा कुणाच्या दारात का ओरडतो. ओरूही आपल्याकडचं सांगायचं. तळ्याखाली मासे उभ्या उभ्या झोपतात. बर्फाला कान लावला तर कुणीतरी लांब जातं फिरवल्यासारखी घरघर ऐकू येते. केरबा डोळे मिटून ऐकायचा, आणि सोप्यातली भिजकी हवा तेवढ्यापुरती कोरडी आणि पांढरी व्हायची. दिवसभर त्याच्या पायांना मग बर्फाचा गारवा लागलेला असायचा.

एके दिवशी हौसा भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘‘अवं, काल त्याला ‘आलास व्हय रं’ म्हणत हुता, आज ‘ऊठ गं माझे बाय’ म्हणताय. त्या लेकराचं डोकं फिरवशीला.’’

‘‘मी कवा म्हणालो?’’

‘‘मग काय भोपळ्यानं म्हटलं?’’

अन्वयाने मुकाट्याने मागची बोलणी ऐकवली. सोळा दिवसांचं बोलणं. केरबा एक दिवस पोराशी बोलल्यासारखा बोलत होता, एक दिवस पोरीशी. ओरू त्याला दोन्हीकडून सारखीच ओ देत होतं. आपलाच आवाज ऐकताना केरबाचा चेहरा उतरला. हा डाव त्याने ठरवून खेळला नव्हता. हा डाव त्याच्या आईचा होता.

तेवढ्यात पणतीतून ओरू म्हणालं, ‘‘आज्जा, पांढरा पाव्हणा येतो. दारात उभा ऱ्हातो. आत कोण हाय म्हणतो. मी काय सांगायचं?’’

केरबाने घसा साफ केला. आणि जे कुणाला कधी सांगितलं नव्हतं ते त्या वीतभर उजेडाला सांगायला लागला.

‘‘माझ्या आईचं नाव गौरा. माझ्या आदी तिला तीन ल्योक झालं आन् तिन्ही पाळण्यातनंच गेलं. चौथा मी. जल्मलो तसं सुइणीनं मला दारातल्या केरावर ठेवलं. आईनं केरातनं उचललं, म्हणून केर. सोन्यासारख्या पोरावर मरणाचा डोळा असतो, केरावर कशाला आसंल? वर माझं नाक टोचून मुरणी घातली. परकर, पोलकं, केसाच्या दोन येण्या. नाव केरी. गल्लीत सगळ्यास्नी ठावं हुतं, पर कोण बोलायचं न्हाई. सांजंला आई दारात केर काढायची. भाईरनं कोणी ‘आत कोण हाय’ म्हटलं की म्हणायची, ‘केर हाय नुसता.’ मरण पोरगा शोधत यायचं, पोरगी बगून जायचं. पोरगी हाय म्हणावं, तर ती नुसता केर.’’

‘‘मग?’’ ओरूने विचारलं.

‘‘मग साळा. सातव्या वर्साला बा घिऊन गेला. गुरुजीनं लिवायला घेतलं आन् एवढंच इचारलं, पोरगा का पोरगी? ते बिचारं काय करणार, कागदात तसं घर हुतं. बा म्हणाला, पोरगा. आन् तितंच लिंबाखाली पकडीनं माझी मुरणी तोडली. येण्या कापल्या. मुरणी मुठीत घिऊन घरला आलो. आईनं ती काढून घितली आन् मंगळसूत्रात ववली. आठव्या दिवशी तापानं गेली.’’

त्याने नाकपुडीवर बोट फिरवलं.

‘‘मला वाटतं मरण केरीलाच न्यायला आलंतं. घरात केरी गावली न्हाई. रिकाम्या हातानं कसं जायाचं? दारात आई हुती. बानं गाव सोडलं, हितं आलो. साळंत मी परत गेलो न्हाई. केरीचं नाव कुणी काढलं न्हाई. आईचं दिवस घातलं. केरीचं कोण घालणार?’’

स्वयंपाकघराच्या दारात हौसा चाळण धरून उभी होती. पीठ केव्हाच चाळून झालं होतं.

‘‘मला तुमी म्हणाला हुता, देवीचा व्रण हाय,’’ ती म्हणाली. ‘‘पन्नास वर्सं मी त्या नाकाकडं बगतीया. आन् तुमी ते त्या दिव्याला सांगिटलं.’’

दोन दिवस तिने जेवायला वाढलं, पण बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पाटापाशी भाकरी ठेवताना तिने विचारलं, ‘‘त्या केरीला खायाला काय आवडायचं?’’

‘‘गूळ-शेंगदाणं.’’

तिने डब्यातून मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा काढून ताटाच्या कडेला ठेवला. केरबाने मान वर केली नाही.

चाळीसावा दिवस आला. अन्वयाने गाडग्याखालचा कागद काढला. केरबाने पेन हातात घेतला, चष्मा लावला आणि अक्षर अक्षर जोडून ते घर मोठ्याने वाचलं. मग पेन खाली ठेवला.

‘‘हे मी भरणार न्हाई, पोरी.’’

‘‘आजोबा, कोरं घर चालत नाही.’’

‘‘मग चालवू नगंस.’’

अन्वयाने त्याच्याकडे बघितलं आणि त्या घराच्या बाजूला बारीक अक्षरात ‘तपासणी बाकी’ असं लिहिलं.

दिवाळी होऊन तीन आठवडे झाले तेव्हा मराठीतलं तळं सगळ्यांसाठी खुलं झालं. एका भाषेतल्या सगळ्यांचं तळं एकच असायचं; आपापल्या घरी बसून खेळात शिरलं की सगळे त्याच काठावर. पारू सासरहून रोज फोन करून सांगायची. वर्षाच्या शेवटच्या दिवशी पांढरा पाहुणा आला. हजारो माणसं काठावर जमून श्वास रोखून होती. पाहुण्याने दारात उभं राहून विचारलं, ‘‘आत कोण आहे?’’ आणि ओरूने आतूनच सांगितलं, ‘‘केर हाय नुसता.’’

पाहुणा थांबला. वळला. बर्फावरून आला तसा निघून गेला.

असं कुठल्याच भाषेत झालं नव्हतं. खेळ करणाऱ्यांनी आठवडाभर डोकं खाजवलं. अन्वयाने फोनवर उलगडा केला तो असा: पाहुणाही एक यंत्रच, तेही शिकलेलं. दारातल्या बोलण्यावरून ते आतल्या जिवाचं चित्र मनात बांधतं. जो जीव असा किंवा तसा पक्का ठरलेला, त्याचं चित्र पूर्ण होतं. मग त्याला हात धरून नेता येतं. ओरूचं चित्र त्याला पूर्णच करता येईना. अर्धी रेघ इकडे, अर्धी तिकडे, आणि मधे केर.

‘‘म्हंजे माझी आई बरोबर हुती,’’ केरबा म्हणाला.

ही बातमी केरबाच्या आईच्या गोष्टीसकट पसरली, आणि जगाच्या पाठीवरून माणसं आपली भाषा सोडून मराठीतल्या तळ्यावर येऊ लागली. ज्यांनी आपापल्या भाषेत ओरूला जाताना बघितलं होतं त्यांना ते जिवंत बघायचं होतं. कुठल्याशा बेटावरच्या एका शाळाबाईने केरबाला मोडक्या मराठीत पत्र धाडलं: ‘मी शिकते. केर आहे नुसता. माझा भाऊ नाही आता. ओरू आहे. तुमची आई चांगली.’ केरबाने ते पत्र बोट ठेवून चारदा वाचलं आणि देवाच्या फोटोमागे खोचलं.

पण पाहुणा रिकाम्या हाताने गेला, म्हणून बर्फ वितळला नाही. कुणाला तरी घेऊन गेल्याशिवाय त्याचा हिवाळा संपत नसे; खेळाची घडणच तशी होती. सुरुवातीला कुणाला वाईट वाटलं नाही. माणसं तळ्यावर येत, ओरूच्या कंदिलाभोवती बसत, निळ्या उजेडात गप्प राहत. पलीकडच्या काठावर कुणी जाईनासं झालं. मग पारूचा फोन आला. ‘‘आज्जा, मला भ्या वाटतंय. हितं सगळी नुसती बसून हायत. कामाला जात न्हाईत, जेवायला उठत न्हाईत. आमच्या घरातली दोघं तीन दिवस झालं तितंच. आन् ओरू म्हणतंय, मी दमलंय.’’

अन्वया आली ती संक्रांतीच्या आधी. अंगणात सुगडांच्या रांगा लागल्या होत्या आणि केरबा एकेक बोटाने वाजवून बघत होता.

‘‘आजोबा, नऊ फेब्रुवारीला पाहुणा पुन्हा येईल,’’ ती म्हणाली. ‘‘तोवर काही केलं नाही तर कंपनी हे तळं बंद करणार. मग ओरूही बंद. भाजलेलं वळण दाईचाच आवाज पुन्हा थोडं नरम करू शकतो. तुम्ही फक्त सात दिवस त्याच्याशी एकाच तऱ्हेनं बोला. मुलगा म्हणून नाहीतर मुलगी म्हणून. काहीही.’’

‘‘आन् नऊ तारखंला ते जाणार.’’

अन्वयाने रांगेतलं एक कललेलं सुगड सरळ केलं.

‘‘आन् न्हाई बोललो तर तळ्यासंगं जाणार.’’

‘‘हो.’’

केरबाने एक सुगड उचललं, त्यात फुंकर मारली, खाली ठेवलं. ‘‘पकड माझ्या हातात देऊ नगंस, पोरी. पर दुसरं एक करीन. ते एकटं हाय म्हणून दमलंय. सोबतीला कुणी दिलं तर जिवाला हुशारी यील. मला आणि एक पणती मिळंल?’’

कंपनीने होकार दिला. त्यांचा हिशोब वेगळा होता. पक्क्या ठरलेल्या सोबत्याच्या ओढीने ओरूही एका बाजूला झुकेल, असं त्यांना वाटलं. केरबाचं बोलणं ओरूमुळे यंत्रात आधीच बसलेलं, म्हणून या पणतीला चाळीसऐवजी सातच दिवस पुरणार होते.

दुसऱ्या पणतीपुढे केरबा बसला तेव्हा त्याचा आवाज आपोआप बारीक झाला. सात सकाळी तो केरी झाला. परकराचा ओचा कसा धरायचा, वेणीला ओढलं की कसं किंचाळायचं, आईच्या पाठीवर पडून झुलताना मातीचा आणि घामाचा वास कसा येतो, सगळं. हौसा समोर बसून सागरगोटे खेळायची आणि मुद्दाम हरायची.

‘‘आजे, तू लबाडी करतीस,’’ पाचव्या दिवशी पणतीतली केरी म्हणाली. दोन वेण्या, नाकात मुरणी, गुडघ्यावर खरचटलेलं.

‘‘मी? आगं, मी सरळ बाई हाय.’’

‘‘सरळ हरतीस म्हणून तर लबाड.’’

हौसाने पदर तोंडाला लावला. मग केरबाकडे वळून म्हणाली, ‘‘आशी हुता व्हय तुमी? माझ्याशी का न्हाई कदी आसं भांडला?’’

केरीच्या बाबतीत कसलाच गोंधळ नव्हता. ती पोर होती, अंगभर पोर होती.

तिला तळ्यावर सोडलं. पारूने सांगितलं की ओरू उठून बसलं. दोघं बर्फाला कान लावून जात्याची घरघर ऐकत आहेत, फुगड्या घालत आहेत, आणि काठावरची माणसं किती दिवसांनी हसली.

नऊ फेब्रुवारीच्या सकाळी पोराने भिंतीवर मोठा पडदा लावला. सोप्यात केरबा, हौसा आणि अन्वया. पडद्यावर पांढरं तळं, टोकाला ओरूची झोपडी, आणि लांबून चालत येणारा पाहुणा. त्याला चेहरा नव्हता. तो चालत होता तिथे बर्फावर पाऊलही उमटत नव्हतं.

‘‘आत कोण आहे?’’

‘‘केर हाय नुसता,’’ ओरू म्हणालं.

पाहुणा थांबला. वळला. अन्वयाने डोळे मिटून घेतले. तळं आता बंद होणार होतं.

तेवढ्यात आतून बारीक आवाज आला.

‘‘थांबा वं, पाव्हणं.’’

कडी वाजली. केरीने दार उघडलं.

‘‘केर न्हाई. मी हाय. केरी. गौरा कुंभारणीची पोर. तुमी मलाच हुडकत आलासा न्हवं? ह्याला नगा नेऊ. आन् माझ्या आईला तर अजाबात नगा नेऊ. मी येते.’’

पाहुण्याने हात पुढे केला. केरीने मागे वळून ओरूला सांगितलं, ‘‘सागरगोटं कोनाड्यात ठेवल्यात,’’ आणि पाहुण्याचा हात धरला. दोघं चालत गेली. जिथे तिचं पाऊल पडत होतं तिथे बर्फाला काळी भेग जात होती. ती दिसेनाशी झाली तेव्हा सगळं तळं एकदम कण्हलं, आणि भेगांतून पाणी वर आलं. काठावर बसलेली माणसं एकेक करून उभी राहिली.

‘‘हे तुम्ही तिला शिकवलं होतं?’’ अन्वयाने हळू विचारलं.

‘‘न्हाई.’’ केरबाचे हात मांडीवर उपडे पडले होते. ‘‘शिकवलं न्हाई. पर हे सात वर्सांचा असल्यापासनं माझ्या मनात हाय. आई तापात पडली तवा मी दारात जाऊन बसलोतो, कोणी यील आन् सांगीन म्हणून. कोणी आलं न्हाई. इचारलंच न्हाई मला.’’

मग तो रडला. हौसाने त्याला रडू दिलं. रडून झाल्यावर तिने चुलीवर पाण्याचं घंगाळ चढवलं आणि त्याला डोक्यावरून आंघोळ घातली. दहा दिवस घरात गोड केलं नाही. शेजारीण विचारायला आली, कोण गेलं हो? हौसा म्हणाली, ‘‘आमच्यातली एक पोर. लई दिसांची गेलेली हुती, आत्ता कळलं.’’ दहाव्या दिवशी नदीकाठी भाताच्या पिंडाशेजारी तिने गूळ-शेंगदाणे ठेवले. केरबा हात जोडायच्या आतच कावळा शिवला, आणि आधी शेंगदाणेच उचलले.

‘‘बगा,’’ हौसा म्हणाली, ‘‘भुकी हुती.’’

पुण्याला परतण्यापूर्वी अन्वया निरोप घ्यायला आली. तळ्याला पाणी आलं होतं, पलीकडच्या काठावर गवत उगवलं होतं, आणि ओरू आता कंदिलाऐवजी नाव घेऊन माणसांना पार नेत होतं. मधेच वल्ही थांबवून ते पाण्याला कान लावायचं. कुणी त्याला ‘ये गं’ म्हणे, कुणी ‘ये रं’. ते सगळ्यांना ओ द्यायचं. पाहुणा पुन्हा आला नाही. त्याचा हिवाळा संपला होता.

‘‘आणि तो कागद?’’ केरबाने विचारलं.

‘‘ते घर कोरंच आहे, आजोबा. साहेब ओरडले. मी म्हटलं, दाई ऐकत नाही.’’

केरबाने तिच्या हातात संक्रांतीचं उरलेलं एक सुगड ठेवलं. रात्री वहीचा एक कागद फाडून, उशिरा शिकलेल्या ठसठशीत अक्षरात त्याने दोन ओळी लिहिल्या आणि शाळाबाईच्या पत्राशेजारी देवाच्या फोटोमागे खोचल्या. तिसरी ओळ पुढे हौसाने लिहिली. तो कागद आता पारूकडे आहे. त्यावर लिहिलंय:

गौरा दत्तू कुंभार, एकोणीसशे सत्त्याहत्तर साली जून महिन्यात वारली.

केरी दत्तू कुंभार, वय सात, नऊ फेब्रुवारी दोन हजार चव्वेचाळीस, मंगळवार, सकाळी वारली.

केरबा दत्तू कुंभार, वय अठ्ठ्याहत्तर, दोन हजार अठ्ठेचाळीस साली मार्गशीर्षात वारला.